पेल्यापासून वेलीपर्यंत : वाइनच्या चवीतील कीटकांचा वाटा

जानेवारी उजाडला की नाशिककडे येणाऱ्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी वेगळीच वर्दळ सुरू होते. मुंबई-पुण्याहून निघालेले पर्यटक गंगापूर धरणाच्या काठावरील, दिंडोरी परिसरातील किंवा इगतपुरीकडील वाइनरींना भेट देतात, टाक्यांच्या रांगा पाहतात, आस्वाद कक्षात चार-पाच प्रकारच्या वाइनची चव घेतात आणि दोन-चार बाटल्या घेऊन परततात. याच दिवसांत, त्याच रस्त्यांच्या दुतर्फा वाइन द्राक्षांची काढणी चालू असते. मात्र ज्यांच्या बागेतील द्राक्षे त्या बाटलीत उतरली आहेत, असे बागायतदार आस्वाद कक्षात क्वचितच दिसतात. द्राक्षांची गाडी वाइनरीच्या फाटकाशी उतरली की त्यांचा त्या मालाशी असलेला संबंध बहुधा वजनकाट्याच्या पावतीपुरता उरतो.

वास्तविक आस्वाद कक्ष ही बागायतदारासाठीही शिकण्याची जागा आहे. पीक संरक्षणाचे निर्णय वेलीवर घेतले जातात, पण त्यांतील अनेकांचे परिणाम पेल्यात पोहोचेपर्यंत दिसत नाहीत. कोणती कीड बागेत राहिली, कोणती फवारणी काढणीच्या फार जवळ झाली, फुटलेले मणी वेळीच काढले गेले की नाही, याच्या खुणा वाइनच्या वासात आणि चवीत उमटतात. दोन दिवसांची सहल पेल्यापासून वेलीकडे, म्हणजे उलट दिशेने वाचता आली, तर ती एखाद्या शेतीशाळेइतकी उपयुक्त ठरू शकते. या लेखात ही वाट कीटकशास्त्राच्या अंगाने उलगडली आहे.

आस्वाद कक्ष नाशिकला कसे आले

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीची सुरुवात नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांच्या इंडेज उद्योगाने 1980 च्या दशकात तेथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसणारी वाइन तयार करून परदेशी पाठवली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड केली आणि कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली 2000 मध्ये सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन बाजारात आणली. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. 1997 मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झालेले होतेच. त्यामुळे खुंट, जाती आणि कीड-रोग व्यवस्थापन यांबाबत शास्त्रीय आधारही उपलब्ध झाला.

2005 मध्ये सुलाने आपल्या वाइनरीत अभ्यागतांसाठी टेस्टिंग रूम, म्हणजेच आस्वाद कक्ष सुरू केला. देशातील तो पहिला मानला जातो. त्यानंतर यॉर्क, सोमा, व्हॅलोने, ग्रोव्हर झाम्पा, शांदों अशा अनेक वाइनरींनी नाशिक परिसरात अभ्यागतांसाठी दारे उघडली. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात फ्रातेल्लीने इटालियन वाइनमेकरच्या मदतीने याच मार्गाने वाटचाल केली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या वाटचालीत एक कटू टप्पाही आहे. 2008 नंतर आर्थिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला, वाइनची मागणी घटली आणि अनेक वाइनरी अडचणीत आल्या. कराराच्या भरवशावर वाइन द्राक्षे लावलेल्या बागायतदारांचा माल पडून राहिला. टेबल द्राक्षाला दुसरा बाजार असतो, बेदाण्याचा पर्याय असतो. वाइन द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा व बियांचा असतो. त्याला बाजार समितीत गिऱ्हाईक नसते. परिणामी कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. वाइन द्राक्षाच्या उत्पादकाला एकच गिऱ्हाईक असते आणि ते गिऱ्हाईक मालाची पारख नाकाने व जिभेने करते, हा त्या अनुभवाचा धडा आहे. म्हणूनच ही पारख कशी होते हे उत्पादकाला ठाऊक असणे हा निव्वळ हौसेचा भाग नाही.

शनिवार सकाळ : बागेतील फेरी

बहुतेक वाइनरींची फेरी बागेपासून सुरू होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातील थंड रात्री आणि कोरडी हवा वाइन द्राक्षाला मानवते. युरोपात वेल हिवाळ्यात पानगळ होऊन विश्रांती घेते आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होते. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून तिला फळासाठी तयार करावे लागते व काढणी जानेवारी ते मार्च या काळात येते. वर्षभर हिरवी राहणारी वेल किडींनाही वर्षभर आसरा देते, हा भारतीय द्राक्षशेतीचा आणि युरोपीय द्राक्षशेतीचा मूलभूत फरक आहे. युरोपातील कीड वेळापत्रक जसेच्या तसे येथे चालत नाही, ते याच कारणाने.

बागेत प्रथम खाली, खोडाकडे पाहावे. जमिनीलगत कलमाचा जोड दिसतो. वर सोव्हिन्यों ब्लां, शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों असते, तर खाली डॉगरीज किंवा 110 आर यांसारखा खुंट असतो. महाराष्ट्रात खुंट प्रामुख्याने पाण्याचा ताण आणि क्षारयुक्त जमीन सोसण्यासाठी वापरले जातात. परंतु जगातील द्राक्षशेती खुंटावर आली ती एका अतिसूक्ष्म कीटकामुळे. फायलॉक्सेरा हा मावावर्गाशी नाते सांगणारा, मुळांवर जगणारा कीटक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतून युरोपात पोहोचला. 1868 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समधील सुकणाऱ्या वेलींच्या मुळांवर तो शोधून काढला. 1875 मध्ये सुमारे 8.45 कोटी हेक्टोलिटर असलेले फ्रान्सचे वाइन उत्पादन 1889 पर्यंत सुमारे 2.34 कोटी हेक्टोलिटरवर घसरले. उपाय सापडला तो अमेरिकन रानवेलींच्या मुळांत. त्या वेली या किडीसोबतच उत्क्रांत झाल्या होत्या, म्हणून त्यांची मुळे तिचा उपद्रव सहन करू शकत होती. त्यांच्या खुंटावर युरोपीय जातींचे कलम बांधणे हा आजही त्यावरील मुख्य उपाय आहे.

कथा येथे संपत नाही. खुंटासाठी आणलेल्या अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोगाची बुरशी युरोपात आली आणि 1878 मध्ये ती फ्रान्समध्ये आढळली. बोर्डो परिसरातील बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडत असत. हेतू एवढाच की वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत. त्या वेलींवर केवडा कमी दिसतो हे मियार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण रोगनियंत्रणासाठी सुचवले. निफाड-दिंडोरीतील प्रत्येक बागायतदार ज्याला ‘बोर्डो’ म्हणून ओळखतो, त्या मिश्रणाचे नाव असे वाइनच्या प्रदेशावरून आले आहे आणि त्याच्या मुळाशी एका किडीने घडवलेली उलथापालथ आहे. एका संकटावरील उपाय दुसरे संकट कसे घेऊन येतो, याचे हे उदाहरण आयात रोपे व काड्यांच्या संगरोधाचे महत्त्व आजही पटवून देते.

बागेच्या ओळींच्या टोकाला अनेक ठिकाणी गुलाबाची झाडे लावलेली दिसतात. ‘गुलाबावर भुरी आधी येते, म्हणून द्राक्षावरील भुरीची आगाऊ सूचना मिळते’ असे अभ्यागतांना सांगितले जाते. गुलाबावरील भुरी आणि द्राक्षावरील भुरी या दोन वेगळ्या बुरशी आहेत. एक दुसऱ्या पिकावर जात नाही. भुरीला पोषक हवामान असल्याचा अंदाज गुलाबावरून फार तर बांधता येईल. निर्णय मात्र द्राक्षाच्या पानांचे निरीक्षण करूनच घ्यावा.

त्यानंतर ओलांड्यांची साल निरखावी. सैल सालीखाली पांढरट, कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकणाचे, म्हणजेच मिलीबगचे असू शकतात. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत गुलाबी मिलीबग ही सर्वांत त्रासदायक किडींपैकी एक आहे. तिची मादी एका अंडकोषात शेकडो अंडी घालते. पिल्ले सालीखाली वाढतात आणि मण्यांत साखर भरू लागली की घडांकडे सरकतात. त्यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. टेबल द्राक्षाचा असा घड बाजारात विकला जात नाही हे सर्वांना माहीत आहे. ‘वाइनसाठी दिसण्याला काय महत्त्व?’ असा समज मात्र अनेकांच्या मनात असतो आणि तो चुकीचा आहे. वाइन द्राक्ष धुतले जात नाही. घडावर जे आहे ते सर्व रसात उतरते. शिवाय जगातील अनेक द्राक्षप्रदेशांत मिलीबगच्या काही प्रजाती पाने गुंडाळणाऱ्या विषाणूरोगाचा प्रसार करतात. या रोगात साखर उशिरा भरते आणि लाल जातींना रंग कमी येतो. म्हणून रोगमुक्त कलमे आणि मिलीबगचे नियंत्रण या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

मिलीबग दिसल्यास मुंग्यांकडेही पाहावे. गोड स्रावाच्या आशेने मुंग्या मिलीबगची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्यांचा बंदोबस्त झाला नाही तर क्रिप्टोलीमस हा परभक्षी भुंगेरा सोडूनही अपेक्षित फळ मिळत नाही. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाने झाकलेली असल्याने मिलीबगसारखीच दिसते आणि अनवधानाने मारली जाते. ही अळी मिलीबगपेक्षा मोठी व चपळ असते, हा तिच्या ओळखीचा सोपा निकष आहे. छाटणीनंतर सैल साल काढून नष्ट करणे, मुंग्यांना ओलांड्यावर चढू न देणे आणि मित्रकीटक सोडल्यानंतर त्यांना घातक कीटकनाशके टाळणे ही त्रिसूत्री वाइन बागेत विशेष महत्त्वाची आहे, कारण काढणीच्या तोंडावर रासायनिक उपायांना जागाच उरत नाही.

शनिवार दुपार : द्राक्षे उतरतात तेथे

हंगामात गेल्यास बागेनंतर पाहण्यासारखी जागा म्हणजे द्राक्षांचे क्रेट उतरवले जातात तो ओटा. नमुना घेऊन साखर आणि आम्लता मोजली जाते. घड निवड-पट्ट्यावरून पुढे सरकतात आणि पाने, काड्या, कुजके मणी वेचून बाजूला काढले जातात. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारणपणे एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे लागतात. एखादा बिघडलेला घड एका बाटलीत केवढा वाटा उचलतो, याचा अंदाज यावरून यावा.

याच ओट्यावर बारीक, लालसर डोळ्यांच्या माश्या घोंघावताना दिसतात. पिकलेल्या केळ्यांवर दिसणारी ही फळमाशी, शास्त्रीय भाषेत ड्रोसोफिला. निरोगी, घट्ट सालीच्या मण्याला ती सहसा इजा करू शकत नाही. अवकाळी पावसाने मणी तडकले, पक्ष्यांनी चोच मारली, गांधीलमाशीने साल फोडली किंवा भुरीच्या डागाने साल चिरली, की तिला दार उघडे मिळते. यीस्टच्या वासाने ती खेचली जाते आणि तिच्या अंगावरून व पोटातून अ‍ॅसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू एका मण्यावरून दुसऱ्या मण्यावर पोहोचतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, जिवाणू त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. मणी तपकिरी होऊन पाझरू लागतो, यालाच आंबट कुज म्हणतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले की जखमी मणी, यीस्ट, जिवाणू आणि माशी या चौघांची जोडणी झाल्यावरच आंबट कुज पूर्णपणे दिसून येते. बुरशीनाशकाच्या फवारणीने ती थांबत नाही, यामागचे कारण हेच आहे. जखम टाळणे, तडकलेले घड वेळीच काढून बागेबाहेर पुरणे आणि काढलेला माल उन्हात न ठेवता त्वरित वाइनरीत पोहोचवणे हे येथे खरे उपाय ठरतात.

गांधीलमाशीबद्दल मात्र एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायला हवी. इटलीतील संशोधकांनी 2012 मध्ये दाखवले की वाइनचे यीस्ट हिवाळ्यात गांधीलमाशीच्या आतड्यात जिवंत राहते आणि राणीकडून अळ्यांपर्यंत पोहोचते. द्राक्षे नसलेल्या काळात निसर्गात यीस्ट कोठे टिकून राहते, या जुन्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. आजच्या बहुतेक वाइनरी निवडक यीस्टचे तयार विरजण वापरतात, त्यामुळे त्यांना गांधीलमाशीची गरज नाही. पण हजारो वर्षांपूर्वी पहिला द्राक्षरस आपोआप आंबला तेव्हा त्यात कीटकांचा हातभार असावा, असा विचार करण्यास वाव आहे.

निवड-पट्ट्यावर आणखी एक पाहुणा सापडू शकतो, तो म्हणजे ढालकिडा. बागेत मावा आणि मिलीबग खाणारा हा मित्र घडात लपून थेट चिरडणीत गेला, तर त्याच्या शरीरातील मेथॉक्सीपायराझिन या द्रव्याचा वास रसात उतरतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 2001 च्या हंगामात एका आशियाई ढालकिड्यामुळे मोठ्या प्रमाणावर वाइनला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा आणि कच्च्या भाजीसारखा वास आला होता. किलोमागे दीड-दोन भुंगेरेही पुरेसे ठरतात, असे नंतरच्या चाचण्यांत दिसले. आपल्याकडेही आढळणाऱ्या सात ठिपक्यांच्या ढालकिड्यामुळे असाच दोष येऊ शकतो. याचा अर्थ ढालकिड्यांना मारावे असा मुळीच नाही. बागेत त्यांना जपावे, काढणीच्या वेळी घड हलवून व निवडून त्यांना बागेतच ठेवावे. मित्रकीटक आणि वाइन यांचे भांडण फक्त क्रेटमध्ये आहे, वेलीवर नाही.

रविवार : आस्वाद कक्षात

आस्वाद कक्षात वाइन ठरावीक क्रमाने दिली जाते. आधी फसफसणारी व पांढरी, मग रोझे, मग लाल आणि शेवटी गोड वाइन. प्रत्येक वेळी प्रथम रंग पाहावा, पेला हलकासा फिरवून वास घ्यावा आणि मग लहान घोट तोंडात घोळवावा. शिकण्याच्या हेतूने आलेल्यांनी घोट गिळण्याची गरज नाही. त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते आणि वाइनमेकरही तेच करतात. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे आहे. वाहन चालवणाऱ्याने चव घेणे टाळावे.

विक्रीसाठी काढलेल्या वाइनमध्ये ठळक दोष सहसा नसतात, कारण सदोष टाकी बाटलीपर्यंत येतच नाही. त्यामुळे दोष ओळखायला शिकायचे असेल तर वाइनमेकरशी बोलणे अधिक उपयोगी. वाइनमेकर सदोष टाकीबद्दल बोलतात तेव्हा पुढील पाच तक्रारी वारंवार येतात. त्यांपैकी प्रत्येकीचा माग बागेपर्यंत काढता येतो.

पहिली तक्रार व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारख्या वासाची. हा वास अ‍ॅसेटिक आम्ल आणि त्यापासून बनणाऱ्या इथाइल अ‍ॅसिटेटचा असतो. तळघरातील अस्वच्छता हे त्याचे एक कारण आहेच, पण फुटलेले मणी आणि फळमाश्या हे बागेतून येणारे दुसरे कारण आहे. गोड वाइनसाठी घड वेलीवर जास्त दिवस ठेवले जातात, तेव्हा हा धोका वाढतो.

दुसरी तक्रार सडक्या अंड्याच्या वासाची. हा हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास. भुरीसाठी वापरलेल्या गंधकाचा अवशेष मण्यावर राहिला, तर किण्वनाच्या वेळी यीस्ट त्यापासून हा वायू तयार करू शकते. लाल वाइन सालीसकट आंबवली जाते, म्हणून तेथे धोका अधिक. यीस्टला नत्र कमी पडले तरीही हा वास येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष बागायतदाराचाच असतो असे नाही. परंतु काढणीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत गंधक टाळणे हा आपल्या हातातील भाग आहे.

तिसरी तक्रार सोव्हिन्यों ब्लांची ओळख हरवल्याची. या जातीत पेरू, कृष्णकमळाचे फळ अशा उष्णकटिबंधीय फळांचा सुगंध थायॉल वर्गातील संयुगांमुळे येतो. तांब्याचा अंश रसात उतरला की तो या संयुगांना जखडून टाकतो आणि वाइन मंद, सपाट वाटते. याच कारणाने बोर्डोची उशिरा केलेली फवारणी टेबल द्राक्षाला डाग देते, तर वाइन द्राक्षाचा सुगंध हिरावते.

चौथी तक्रार लाल वाइन पातळ आणि फिकट असल्याची. वेलीवर जास्त घड ठेवणे हे याचे नेहमीचे कारण. मात्र पाने निकामी झाली तरी हाच परिणाम दिसतो. लाल कोळी पानांतील हरितद्रव्य नष्ट करतो, तुडतुडे रस शोषतात, उडद्या भुंगेरे फळछाटणीनंतरचे कोवळे डोळे कुरतडून काडीच वाया घालवतात. खोडकिड्याची अळी आतून खोड पोखरते तेव्हा वेल वर्षानुवर्षे हळूहळू खंगत जाते. साखर आणि रंग पानांत घडवलेल्या अन्नातूनच येतात. पान गेले की पेल्यातील गाभा जातो.

पाचवी तक्रार कच्च्या, हिरव्या वासाची. ढोबळी मिरचीसारखा हा वास कॅबर्ने सोव्हिन्योंमध्ये काही अंशी जातिवंत असतो आणि घड कच्चा असताना तो जास्त जाणवतो. घाईने केलेली काढणी हे त्याचे मुख्य कारण. ढालकिडा हे क्वचित आढळणारे. पाऊस किंवा किडीच्या भीतीने आठ दिवस आधी तोडलेल्या मालाची किंमत अशी चुकवावी लागते.

आस्वाद कक्षात पेल्यात एखादी फळमाशी पडली तर काय करावे, हा प्रश्न हलकाफुलका वाटेल, पण त्यालाही संशोधनाने उत्तर दिले आहे. स्वीडिश कृषी विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये जर्मनीतील प्रशिक्षित वाइन परीक्षकांपुढे हा प्रयोग केला. ड्रोसोफिलाची मादी नराला बोलावण्यासाठी एक गंधद्रव्य सोडते. पेल्यात त्या द्रव्याचा केवळ एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश असला तरी परीक्षकांच्या नाकाला तो कळला. एकटी मादी पेल्यात पडली तरी वाइनचा वास बिघडतो. नराच्या बाबतीत तसे होत नाही. माशी काढून टाकली तरी गंधद्रव्य उरतेच, म्हणून पेला बदलून मागणे योग्य. मानवी नाक एका किडीचा लैंगिक गंध टिपू शकते, ही वस्तुस्थिती वाइन उद्योगाला कीटकांकडे किती बारकाईने पाहावे लागते हे सांगून जाते.

अवशेषांचा प्रश्न

‘रस आंबवल्यावर औषधाचे अंश उरत नाहीत’ हा समज बागायतदारांत आणि ग्राहकांतही आढळतो. किण्वनात काही कीडनाशकांचे अंश यीस्टच्या गाळाबरोबर आणि चोथ्याबरोबर निघून जातात हे खरे आहे. परंतु सर्व रसायने सारखी वागत नाहीत. काही रसात टिकून राहतात आणि लाल वाइनमध्ये साल दीर्घकाळ भिजत राहिल्याने अंश उतरण्यास अधिक वाव मिळतो. काही बुरशीनाशकांचे अंश यीस्टचेच काम मंदावतात आणि किण्वन अर्ध्यावर अडते. म्हणून लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी वाइन द्राक्षालाही टेबल द्राक्षाइतकाच लागू आहे. ताज्या द्राक्षाच्या निर्यातीमुळे महाराष्ट्रातील बागायतदारांना फवारणीच्या नोंदी ठेवण्याची सवय लागली आहे. तीच शिस्त वाइन बागेत पाळली, तर माल नाकारला जाण्याचा प्रसंग टळतो आणि वाद उद्भवल्यास हाती पुरावा राहतो.

वाइनमेकरला विचारावयाचे प्रश्न

भेटीपूर्वी दूरध्वनी करून वाइनमेकर किंवा द्राक्षबाग व्यवस्थापक उपलब्ध आहेत का हे विचारून घ्यावे. काढणीच्या धामधुमीत त्यांना वेळ कमी असतो. काढणी संपत आल्यावर मार्चअखेर ते मोकळेपणाने बोलू शकतात. गटाने गेल्यास अधिक चांगले. पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

- मागील हंगामात कोणता माल नाकारला गेला आणि कोणत्या कारणाने?
- ओट्यावर आंबट कुजीचे मणी किती प्रमाणात चालतात? त्यापुढे दर कमी होतो की गाडी परत जाते?
- गंधक आणि तांबेयुक्त औषधांची शेवटची फवारणी काढणीपूर्वी किती दिवसांवर असावी, अशी वाइनरीची अट आहे?
- मिलीबगचा प्रादुर्भाव असलेल्या ओळी वेगळ्या काढून वेगळ्या टाकीत आंबवता येतात का?
- आपल्या बागेतील मालापासून बनलेली वाइन वेगळी चाखायला मिळेल का?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक वाइनरी निरनिराळ्या बागांचा माल सुरुवातीला वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात आणि मिश्रण नंतर करतात. मिश्रणापूर्वी त्या टाकीतील नमुना शेजारच्या बागेच्या नमुन्याबरोबर चाखायला मिळाला, तर फवारणी वहीतील नोंदींचा अर्थ बागायतदाराला प्रथमच जिभेवर कळतो. वाइनरीलाही यात तोटा नाही. दोष कोठून आला हे सांगण्यापेक्षा तो दाखवणे केव्हाही सोपे असते.

करारात दराचा तक्ता असतो, साखरेची अट असते. काही करारांत नाकारलेल्या मालाचे काय करावे याचीही तरतूद असते. त्यात आणखी एक कलम असावे, असे सुचवावेसे वाटते : दर हंगामाअखेर बागायतदाराला त्याच्या टाकीची चव घेण्याची संधी. यासाठी निधी लागत नाही, यंत्र लागत नाही. आस्वाद कक्ष उभे आहेतच. त्यांची दारे पर्यटकांइतकीच पुरवठादार बागायतदारांसाठीही उघडावीत आणि बागायतदारांनीही मार्चअखेरचा एक शनिवार-रविवार त्यासाठी राखून ठेवावा. एप्रिलच्या खरड छाटणीला हात घालण्यापूर्वी, पुढच्या हंगामाचे कीड नियोजन करण्याची ती योग्य वेळ आहे.